आक्काची मूठ

आमच्या आक्काला जो आजार झाला त्याचं नाव मला अजून एका दमात घेता येत नाही. क्रॉइट्झफेल्ट-याकोब. डॉक्टर थोडक्यात सीजेडी म्हणायचे. आमच्या घरात सगळे त्याला नुसतं 'ते' म्हणायचे. 'ते' आहे म्हणून भांडी आपटू नका, 'ते' आहे म्हणून घास गिळता येईना. नाव घेतलं की आजार पुढं सरकतो, असं आमच्या वन्संचं म्हणणं होतं. नाव न घेताही तो सरकायचा तेवढा सरकलाच.

आक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. पुंडलिकनगरात आमचं वर-खाली घर आहे. खाली आक्का आणि दादा, म्हणजे माझे थोरले दीर. वर मी आणि आमचे हे. लेकरं नोकरीपायी पुण्यात. चुली दोन, पण सकाळचा चहा खालीच. जावा-जावांचं पटत नाही म्हणतात, आमचं तरी कुठं पटायचं? दिवसातून एकदा वाजल्याशिवाय आम्हाला अन्न गोड लागायचं नाही. पंचवीस-तीस वर्षं भांडलो, आणि आता भांडायला कुणी नाही, तर जीव नुसता कासावीस होतो.

मी ब्लाऊज शिवणारी बाई. औषधपाण्यातलं मला काही कळत नाही, आणि या आजाराला औषध नाहीच, तेव्हा उपाय सांगायला बसलेय असं समजू नका. पण ज्या दिवशी कळलं त्या दिवशी मी मोबाईलवर मराठीतून शोधत बसले होते, की असं कुणाच्या घरी झालंय का, त्यांनी दिवस कसे काढले. माझ्या हाताला काही लागलं नाही. तसं दुसरं कुणी शोधत बसलं असेल, तर तिच्यासाठी हे.

कुरडया

सुरुवात उन्हाळ्यात झाली. गच्चीवर कुरडयांची घाई चालली होती. आक्काचा हात असा होता की सोऱ्या फिरवला की एकसारखी गोल जाळी पडायची. गल्लीतल्या बाया गव्हाचा चीक शिजवून तयार ठेवायच्या आणि घालायला तिला बोलवायच्या. त्या सकाळी तिनं सोऱ्या दाबला आणि कुरडई पडली ती नुसता गुंता. दुसरी तशीच. तिसरी तर कागदाच्या बाहेर, फरशीवर.

"काय गं आक्का, डोळे घरी ठेवून आलीस का?" मी चिडवलं.

तीही हसली. "कागद कुठं संपतोय तेच दिसंना बघ. सगळं फिरू राहिलंय."

मला वाटलं ऊन लागलं. लिंबू सरबत करून दिलं, सावलीत बसवलं, उरलेला चीक मीच घातला. माझ्या वाकड्यातिकड्या कुरडया बघून तिनं नेहमीसारखं नाक मुरडलं, म्हणून माझी काळजी गेली.

मग एकेक सुरू झालं. जिना उतरताना पायानं पायरी चाचपायची. डाव्या बाजूचं माणूस तिला दिसायचंच नाही. एकदा मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते, तेव्हा तिचा फोन आला. "शोभा, आपलं घर कुठं गेलं गं?" मी खाली बघितलं, तर ती आमच्याच फाटकाला हात लावून उभी. एका हातात मेथीची जुडी, दुसऱ्या हातात फोन. मी वरून हाक मारली तर तिनं चारी बाजूंना बघितलं, पण वर काही बघितलं नाही. तेव्हा मात्र मी ओले कपडे तसेच टाकून खाली धावले.

उस्मानपुऱ्यातल्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी चक्करीच्या गोळ्या दिल्या. चष्मा बदलून झाला. मानेचा फोटो झाला. एकानं सांगितलं, मनावर घेतलंय त्यांनी, पोरगी लांब गेली ना. वन्सं जालन्याहून आल्या त्या नजर लागली म्हणतच आल्या. पडेगावच्या पुढं एक बाई उतरवून देते म्हणे. मी गेले की हो बरोबर, लिंबं माझ्याच पिशवीत होती. त्या बाईनं आक्काच्या डोक्यावरून लिंबू फिरवून जमिनीवर फोडलं, आणि त्या आवाजानं आक्का बसल्या जागी अख्खी उडाली, हातपाय ताडकन ताठ. बाई म्हणाली, बघा, निघालं! आवाजानं असं दचकणं हे 'त्या'चंच लक्षण आहे, हे आम्हाला पुढं कळलं. त्या दिवशी येताना आम्ही खुशीत उसाचा रस पिऊन आलो.

घडी

मोठ्या हॉस्पिटलात मेंदूचे डॉक्टर भेटले. त्यांनी पाठीतलं पाणी काढलं, मेंदूचा फोटो काढला, डोक्याला तारा लावून तासभर कागदावर रेघा काढल्या. मग आक्काला बाहेर आमच्या ह्यांच्याजवळ बसवून दादांना आणि मला आत बोलावलं. केबिनचं दार त्यांनी स्वतः उठून लावलं. ते दार लावणं बघूनच मला कळलं.

त्यांनी मराठीतच सांगितलं, आणि सावकाश सांगितलं. आपल्या मेंदूत एक प्रथिन असतं, सगळ्यांच्याच असतं. त्याची ठरलेली घडी असते. एखाद्याच्या मेंदूत ती घडी चुकीची बसते, आणि ते प्रथिन शेजारच्या चांगल्या प्रथिनाची घडीही आपल्यासारखी करतं. ते त्याच्या शेजारच्याची. असं वाढत जातं, आणि मेंदूची चाळण होते.

"मग ती घडी मोडायची," मी म्हणलं. साडीची घडी चुकली तर आपण झटकतो आणि पुन्हा घालतो, माझ्या डोक्यात तेवढंच.

"ती मोडता येत नाही, ताई. जगात कुणालाच अजून येत नाही."

दादा कंपनीत जन्मभर मशिनी दुरुस्त करून रिटायर झालेले. त्यांनी एकच विचारलं, "साहेब, चुकलं कुठं?"

"कुठंच नाही. खाण्यातून नाही, कुणाचं लागून नाही. बहुतेकांना हा आजार कारणाशिवाय होतो. तुम्ही पहिल्या दिवशी माझ्याकडं आला असता तरी मी हेच सांगितलं असतं."

डॉक्टरांनी ते धीर द्यायला सांगितलं असणार. पण दादांचा चेहरा त्या वाक्यानं पडला तसा आधीच्या कशानंच पडला नव्हता. चूक सापडली असती तर निदान कुणाला तरी शिव्या घालता आल्या असत्या, देवाला, डॉक्टरला, नाहीतर मला. तेही नाही. किती वेळ आहे, तर महिने. वर्ष नाही, महिने.

बाहेर आलो तर आक्का बाकड्यावर बसून ह्यांच्या शर्टाचं बटण उघडायची आणि लावायची. मला बघून म्हणाली, "शोभे, चहा पाज की." कँटीनला नेलं. कप तिच्या ओठाला मीच लावला. दादा पाठमोरे उभे राहून भिंतीवरचा दरफलक वाचत होते, चहा गार होईपर्यंत वाचत होते.

वॉर्ड

आठवडाभर दवाखान्यात होतो. तिथले दिवस सगळे एका मापाचे. पहाटे ताप बघायचा, मग चादर, मग मोठ्या डॉक्टरांची फेरी, मग नुसतं बसणं. खाली लिफ्टजवळ आमच्यासारखीच माणसं डबे घेऊन बसलेली असायची, आणि कुणी कुणाला 'काय झालंय' विचारलं की सगळे आपापलं सांगायचे. मला विचारलं की मी 'मेंदूचं' एवढंच सांगायची. पुढचं सांगायला लागलं की समोरचा माणूस हळूच डबा आपल्याकडं ओढायचा.

आक्काच्या फाईलवर लाल अक्षरात काहीतरी सूचना होती. ती फक्त ऑपरेशनच्या हत्यारांसाठी आणि पाठीतून काढलेल्या पाण्यासाठी आहे, हात लावल्यानं हा आजार होत नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. तरी दोन पोरं तिला उचलायला आली ती नखशिखान्त झाकून, आणि तोंड फिरवून. माझं डोकंच फिरलं. "अहो, तिला दिसतंय की! तोंड तरी सरळ करा!" असं मी ओरडले, आणि माझ्या ओरडण्यानं आक्काच दचकली. तेव्हापासून भांडणसुद्धा हळू आवाजात करायचं शिकले. मला विचाराल तर यापेक्षा मोठी शिक्षा नाही.

एक आया होत्या, त्यांना सगळे मावशी म्हणायचे. त्यांनी एका सकाळी काही न विचारता आक्काचे केस सोडले, तेल लावलं, वेणी घातली आणि वर रबर लावायच्या ऐवजी आपल्या पिशवीतली लाल रिबीन बांधली. आक्का त्या दिवशी पुन्हा पुन्हा वेणी पुढं घेऊन बघत होती. मला त्या आठवड्यातलं बाकी सगळं विसरायला आवडेल, ती रिबीन नको.

घरी आणायच्या आधी आमचं आपसात वाजलं. पिंकी, म्हणजे आक्काची लेक, मुंबईला नेऊ म्हणून हट्टाला पेटली. तिथल्या डॉक्टरांना कागद दाखवले, त्यांनीही तेच सांगितलं, तरी तिला वाटायचं आम्ही हात टेकले. फोनवर मला म्हणाली, "काकू, तुझी आई असती तर तू अशी बसली असतीस का?" मी फोन ठेवला आणि मशीनवर डोकं ठेवून मनसोक्त रडले. नंतर ती आली, चार रात्री आईपाशी झोपली, आणि मग तिनं तो विषय काढला नाही. माझ्या गळ्यात पडली, पण तेही मुक्यानंच.

आवाज

घरी आलो तेव्हा आक्काचं बोलणं सुटत चाललं होतं. आधी लांबची नावं गेली, मग जवळची, मग 'पाणी' आणि 'माय' एवढे दोनच शब्द उरले. पुढं नाकातून नळी आली. आवाजानं दचकणं मात्र वाढलं. चमचा पडला तरी सगळं अंग झटका खायचं आणि डोळे भीतीनं विस्फारायचे.

मग आम्ही घर मुकं करत गेलो. बेलची वायर दादांनी काढली. कुकर वर माझ्याकडं आला. दाराच्या कडीला चिंध्या बांधल्या. माझी शिलाई मशीन नेमकी तिच्या खोलीच्या डोक्यावर, तिची घरघर स्लॅबमधून खाली जायची. मशीन बंद केली, आणि हुका, काजं, फॉल असलं हातशिलाईचं काम घेऊन तिच्या पलंगाशी बसायला लागले. गल्लीत भंगारवाला भोंगा लावून यायचा. त्याला मी कोपऱ्यावरच गाठला. "भाऊ, आमच्या दारावरून भोंगा बंद करून जात जा. घरात माणूस आहे." तो म्हणाला, "अम्मा, बोल देते ना पहले." तेव्हापासून तो आमच्या गल्लीत शिरला की भोंगा बंद करायचा आणि हातानं सलाम करून पुढं जायचा. आमच्या नातेवाइकांपेक्षा त्याला लवकर कळलं.

कारण नातेवाईक आणि गल्ली यांचं वेगळंच चाललं होतं. कुणीतरी मोबाईलवर वाचलं की हा गायीचा आजार आहे. गायींना होणारा एक आजार याच्या जातीचा आहे, ते खरं. पण आक्काचा तो नव्हता. ऐकतंय कोण? ज्या बाया तिला कुरडया घालायला ओढून न्यायच्या, त्या फाटकाबाहेरून 'कशा आहेत?' विचारायला लागल्या. एकीनं तर मला गाठून विचारलं, "तुमच्यात ते खातात का वो, मोठ्याचं मटण?"

"न्हाय बाई," मी म्हणलं, "आमच्यात फक्त दुसऱ्यांचं डोकं खातात." ती गेली. मला दोन मिनिटं बरं वाटलं, मग पुन्हा तसंच.

ती वाचणार नाही हे मी कधीच मान्य केलं होतं. पण जिवंतपणी तिला कुणी अडगळ केलेलं मला चालणार नव्हतं. श्वास आहे तोवर ती या घरची थोरली सून आहे, आणि ती थोरलीच राहिली पाहिजे, एवढी एकच गोष्ट माझ्या हातात आहे असं मला वाटत होतं.

पकड

एका दुपारी तिचे हात पुसत होते. माझं बोट तिच्या तळव्याला लागलं आणि तिनं ते धरलं. गच्च. मी ओढलं तर आणखी गच्च. मी तर हरखूनच गेले, पण हाक मारली ती आवाज दाबूनच. "दादा, या हो, आक्कानं मला धरलं!" दादा धावत आले. त्यांनी आपलं बोट दिलं, तेही तिनं धरलं. त्या माणसाला मी महिन्याभरात पहिल्यांदा हसताना बघितलं.

डॉक्टर घरी बघायला आले तेव्हा मी त्यांना मोठ्या तोऱ्यात करून दाखवलं. मग त्यांनी औषधाच्या बाटलीचं बूच तिच्या तळव्यावर ठेवलं. मूठ मिटली. पेन ठेवलं. मूठ मिटली.

"तान्ह्या बाळाची मूठ मिटते ना ताई, तसं आहे हे. मेंदूचा वरचा भाग काम करेनासा झाला की ते लहानपणचं परत येतं. त्या जाणून धरत नाहीत." मग सोडवायचं कसं तेही दाखवलं. बोटं उचकटायची नाहीत, हाताच्या पाठीवरून हळूहळू चोळायचं, मूठ आपोआप सैल पडते.

ते पेन तिच्या मुठीतच होतं. दादांनी ते चोळून सोडवलं आणि डॉक्टरांच्या हातात दिलं.

लक्ष्म्या

भाद्रपदात महालक्ष्म्या आल्या. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. ज्येष्ठा आणि कनिष्ठा या दोघी बहिणी, त्यांचे मुखवटे वाजतगाजत घरात आणायचे, साड्या नेसवून उभं करायचं, दुसऱ्या दिवशी पुरणपोळीचं जेवण, तिसऱ्या दिवशी बोळवण. आमच्या घरची रीत अशी की ज्येष्ठा थोरल्या सुनेनं आणायची, कनिष्ठा धाकटीनं. दारापासून कुंकवाची पावलं काढायची, कुणीतरी पुढं ताट बडवत चालायचं, आणि देवघरात बसवायच्या आधी लक्ष्म्यांना सगळं घर फिरून दाखवायचं. स्वयंपाकघर, धान्याचे डबे, कपाट, सगळं.

वन्सं आदल्या दिवशी आल्या. आल्याआल्या ठरवूनच टाकलं. "यंदा ज्येष्ठा मी आणते. अन् हे बघ शोभा, आक्काच्या खोलीचं दार लावून घ्यायचं. तिथं नळ्या हायेत, अंगाखालचं हाय. सोवळ्यातलं काम हे."

"दार लावायचं नाय, वन्सं."

"अगं, देवाचं हाय!"

"देवाचंच म्हणते मी. लक्ष्मीला घर दाखवायचं ना? मग सगळं दाखवायचं. डबे दाखवायचे अन् डबे भरणारी लपवायची?"

"लई बोलतीस तू."

"व्हय, बोलते. ती बोलत नाय ना आता, म्हणून तिच्या वाटचं पण मीच बोलते."

वन्संनी दादांकडं बघितलं. दादा फुलांचे हार सोडवत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "दार उघडं राहील. अन् ताट बडवायचं नाही."

"ताटाशिवाय लक्ष्म्या?"

"ताटाशिवाय."

संध्याकाळी आम्ही दोघी मुखवटे घेऊन दारातून आत आलो. वन्संच्या हातात ज्येष्ठा, नव्या खणात गुंडाळलेली. माझ्या हातात कनिष्ठा. दारातले प्रश्नसुद्धा कुजबुजत झाले. "कोण आलं?" "लक्ष्मी आली." "कशाच्या पावलांनी?" "सोन्याच्या पावलांनी." आमचे हे पुढं होते, हातात रिकामं ताट धरून, न वाजवता. गल्लीतल्या चार-पाच बाया दर्शनाला आल्या होत्या, त्या बाहेरच्या खोलीत भिंतीला चिकटून उभ्या.

आक्काच्या खोलीत वन्सं उंबऱ्याशी अडखळल्या. मग आत गेल्या. तीन महिन्यांत त्यांनी तिला एवढ्या जवळून बघितलं नव्हतं. मी आक्काला सकाळीच अंघोळ घालून हिरवी साडी अंगावर टाकली होती, कुंकू लावलं होतं, आणि ती मावशींची लाल रिबीन बांधली होती. वन्संचे डोळे भरून आले. त्या मुखवटा दाखवायला वाकल्या आणि खणाचं टोक आक्काच्या तळव्यावर पडलं.

मूठ मिटली.

वन्संनी खण ओढला, तो सुटेना. आणि त्या इतक्या जोरात ओरडल्या की सगळी मेहनत पाण्यात. "माय गंऽ! आक्कानं लक्ष्मी धरली! ज्येष्ठा धरली तिनं, सोडंना!" त्या आवाजानं आक्काचं सगळं अंग उडालं, पण खण काही सुटला नाही.

बाहेरच्या बाया धावत आत आल्या. ज्या फाटकाच्या आत पाय टाकत नव्हत्या, त्या पलंगाशी गुडघे टेकून बसल्या. कुणी तिच्या पायावर डोकं ठेवलं, कुणी तिच्या कपाळाचं कुंकू बोटाला घेऊन आपल्याला लावलं. जिनं मला 'मोठ्याचं' विचारलं होतं, ती तर हुंदके देऊन रडत होती. वन्सं म्हणत होत्या, "तिला कळतंय गं सगळं. मान आपला सोडत नाय माझी वहिनी. आता बघा, उठून बसती का नाय!"

मी दादांकडं बघितलं. दादांनी माझ्याकडं. आम्हा दोघांनाच माहीत होतं की तिथं बूच ठेवलं असतं तरी मूठ मिटली असती. एका शब्दाचं काम होतं. पण कितीतरी दिवसांनी बायका तिला हात लावत होत्या, आणि मला तेच तर हवं होतं. मिळालं ते असं मिळालं. मला हसू येत होतं, रडू येत होतं, आणि सगळ्यांच्या कानाखाली वाजवावीशी वाटत होती. मी गप्प बसले.

शेवटी मुहूर्त टळायला लागला तेव्हा मी पुढं झाले, आक्काच्या हाताच्या पाठीवरून चोळत राहिले. बोटं एकेक करून सैल झाली. वन्सं म्हणाल्या, "बघा, धाकटीचं ऐकलं तिनं."

दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या बायांची रीघ लागली. पुरणाचा घास तिला देता येत नव्हता, म्हणून वन्संनी तो नुसता तिच्या ओठांना टेकवला. पाहुणे जेवत असताना दादा मला मागच्या अंगणात घेऊन गेले. भांड्यांच्या ढिगाशी उभं राहून हळूच विचारलं, "शोभा, डॉक्टरांना चुकता येतं ना कधी कधी?"

ज्या माणसानं स्वतःच्या हातानं तिच्या मुठीतून पेन सोडवलं होतं, तो मला विचारत होता. मी काय सांगायचं होतं, सांगा तुम्ही. मी म्हणलं, "येतं, दादा." ते "हां" म्हणाले आणि पाहुण्यांना वाढायला आत गेले.

तुमच्या घरी असेल तर

फार नाही, दोनचार गोष्टी सांगते. आवाज कमी करा. उताणं निजवून एकटं सोडू नका, कूस बदलत राहा. ओठांना तूप लावा. नाकातून नळी घालायची का नाही हे ज्यांच्या त्यांच्या घरानं ठरवायचं, आम्ही घातली आणि ते बरोबर केलं का हे मला आजही सांगता येत नाही. घरातल्या पुरुषमाणसाला काहीतरी काम द्या, वायर काढायचं, पलंग उंच करायचं, कसलंही. आणि हात लावा. बिनधास्त लावा.

बरं वाटेल असं मी काही सांगू शकत नाही. मला स्वतःला वाटलं नाही. वन्सं बोळवणीनंतर जालन्याला गेल्या तरी रोज सकाळी फोन करून विचारायच्या, "बसली का गं उठून?" मी म्हणायची, "नाय अजून." त्या 'अजून'नं माझी जीभ जळायची.

मीसुद्धा रोज एक गोष्ट करत होते, ती कुणाला सांगितली नव्हती. सकाळी खाली आले की आधी तिच्या तळव्यावर बोट ठेवायची. मूठ मिटायची. डॉक्टरांनी सांगितलेलं मी विसरले नव्हते. ते धरणं माझ्यासाठी नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी मी तशीच बसायची, आणि एका हातानं धरलेली असताना दुसऱ्या हातानं हुक काही लावता येत नाही, म्हणून नुसतीच बोलत राहायची. गल्लीतलं सांगायची, ह्यांच्या तक्रारी सांगायची. कधी मुद्दाम भांडण काढायची, "तुझ्या कुरडया काय एवढ्या भारी नव्हत्या, आक्का." मग चोळून बोट सोडवायची आणि कामाला लागायची.

नवरात्र उठलं त्यानंतरची सकाळ. दादा अंगणात पाणी तापवत होते. मी खाली आले, खिडकी उघडली, तिच्या कपाळावरचे केस मागं सारले आणि नेहमीसारखं तळव्यावर बोट ठेवलं. थोडा वेळ तसंच ठेवलं. मग दुसऱ्या हाताच्या तळव्यावर ठेवून बघितलं.

मग मी दादांना हाक मारली. कितीतरी दिवसांनी त्या खोलीत मोठ्यानं हाक मारली, आणि आक्का दचकली नाही.